चार ठशांवर दोन टन

माणसं आणि सामान भरलेली दणकट एसयूव्ही सहज दोन टनांची भरते. तिच्या टायरमध्ये साधारण ३२ पीएसआय हवा असते, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलोचा दाब. आता एक भागाकार करून पाहा. एका चाकावर ५०० किलो, भागिले सव्वादोन. उत्तर येतं सुमारे २२० चौरस सेंटिमीटर. टायरच्या ताठ भिंती थोडा भार परस्पर पेलतात, त्यामुळे हा हिशेब ढोबळ आहे. तरी चारही चाकांचे जमिनीवरचे ठसे शेजारी शेजारी मांडले, तर प्रिंटरला लावतो ते दीड कागद जेमतेम झाकले जातील. घाटातलं वळण, अचानक आडवी आलेली म्हैस, चिखलातला चढ, मागच्या सीटवर झोपलेली मुलं, हे सगळं त्या दीड कागदाच्या भरवशावर असतं.

फोर बाय फोर गाडी म्हटली की डोळ्यांसमोर येतो तिचा रुबाब. उंच बॉनेट, जाड टायर, मागे टांगलेली स्टेपनी. पण ही गाडी नीट समजून घ्यायची तर नजर खाली, त्या ठशांकडे न्यायला हवी. त्या दीड कागदाचे दोन कागद करणारी कोणतीही जादू फोर व्हील ड्राइव्हमध्ये नाही. साध्या गाडीत इंजिनाची ओढ दोनच ठशांवर पडते आणि उरलेले दोन नुसते वजन वाहतात. इथे तीच ओढ चौघांत वाटली जाते. निसरड्या चढावर दोन ठशांना न झेपणारा जोर चौघांना झेपतो आणि गाडी वर जाते. फायदा मोठा आहे, पण तो ओढीपुरता आहे.

ब्रेकचं काय? ब्रेक तर सगळ्यात लहान हॅचबॅकलाही चारही चाकांना असतात. म्हणजे थांबण्याच्या बाबतीत फोर बाय फोरला कसलीच बढत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कोरड्या डांबरावर ब्रेक पूर्ण दाबल्यावर २० मीटरच्या आसपास थांबते. पकड निम्मी झाली, की ४० मीटर. त्याआधी ब्रेकवर पाय जाईपर्यंतच्या एका सेकंदात १७ मीटर संपलेले असतात, ते वेगळेच. गाडीच्या मागे ‘४×४’ लिहिलेलं असलं, म्हणून यातला एक मीटरही कमी होत नाही.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती याच्या पुढची गोष्ट. जुलैत ताम्हिणीतून जाताना रस्त्यावर माती वाहून आली असेल, तर साध्या गाडीचं चाक ॲक्सिलरेटर देताच किंचित घसरतं आणि ड्रायव्हरला इशारा मिळतो. फोर बाय फोरमध्ये जोर चौघांत वाटला गेल्याने कोणतंच चाक घसरत नाही. गाडी इतकी शांतपणे वेग घेते, की रस्ता निसरडा आहे हे कळतच नाही. कळतं ते पहिल्यांदा ब्रेक दाबल्यावर. म्हणून अशा रस्त्यावर सरळ, मोकळा पट्टा बघून, मागे कुणी नाही याची खात्री करून, कमी वेगात एकदा ब्रेक हलकेच दाबून पकड अजमावून घ्यावी.

पकड नेमकी संपते कशी, यातही सुंदर भूमिती आहे. टायर पुढे-मागे जोर लावू शकतो आणि आडवाही; पण दोन्ही मिळून एका मर्यादेत. ही दोन बळं एकमेकांना काटकोनात असल्यामुळे त्यांची बेरीज साधी होत नाही, पायथागोरसच्या नियमाने होते. ब्रेकसाठी ८० टक्के पकड वापरली, तर वळण्यासाठी २० टक्के उरायला हवी असं वाटतं. प्रत्यक्षात ६० टक्के उरते, कारण ०.८ आणि ०.६ यांच्या वर्गांची बेरीज बरोबर एक भरते. ब्रेक थोडासा सैल केला, की वळणाची ताकद केवढी तरी परत येते! उलट ब्रेक शंभर टक्के दाबून चाकं जाम केली, तर वळण्यासाठी शून्य. मग स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळच जाते. एबीएस हेच ओळखून दर सेकंदाला अनेकदा ब्रेक सोडतं आणि धरतं. वेग वळणाच्या आधी कमी करायचा आणि वळणात पाय हलका ठेवायचा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नेम या काटकोन त्रिकोणातूनच निघतो.

आता गाडीच्या पोटात शिरू. वळताना बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. किती जास्त? डाव्या-उजव्या चाकांत दीड मीटर अंतर आहे असं धरा आणि गाडीला एक पूर्ण फेरी मारू द्या. बाहेरचं चाक आतल्यापेक्षा ९.४ मीटर जास्त धावेल. नवल पुढे आहे. फेरी शाळेच्या मैदानाभोवती मारा किंवा अख्ख्या पुणे शहराला घाला, फरक ९.४ मीटरच राहतो. दोन परिघांतला फरक त्रिज्यांच्या फरकावर अवलंबून असतो. मूळ त्रिज्या केवढी आहे याच्याशी त्याचं देणंघेणं नसतं. घाटातल्या प्रत्येक यू-वळणावर बाहेरचं चाक ४.७ मीटर जास्त चालतं, हे गाडीत बसून कधी जाणवतही नाही.

बैलगाडीला याची अडचण येत नाही, कारण तिची चाकं आसावर आपापली फिरतात. इंजिनाने चाकं फिरवायची म्हटल्यावर मात्र पेच पडला. दोन्ही चाकं एकाच दांड्याला पक्की जोडली, तर वळताना एकाला फरफटावंच लागणार. त्यावरचा उपाय, म्हणजे डिफरन्शियल, १८२७मध्ये ओनेझिफोर पेकर या फ्रेंच घड्याळजीने वाफेच्या गाडीसाठी पेटंट केला. दातेरी चाकांची ही चिमुकली रचना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देते आणि तरी दोघांना सारखाच जोर पोचवते. जवळपास दोनशे वर्षांनंतरही रस्त्यावरच्या बहुतेक मोटारींत तीच कल्पना फिरते आहे.

आणि तिचा हा ‘सारखाच जोर’ चिखलात गोत्यात आणतो. समजा, डावं चाक निसरड्या गाळात आहे आणि उजवं कोरड्या खडकावर. गाळातल्या चाकाला फिरायला नगण्य जोर पुरतो. डिफरन्शियल समान वाटप करणारं असल्यामुळे खडकावरच्या चाकालाही तेवढाच नगण्य जोर मिळतो. डावं चाक भिंगरीसारखं फिरतं, उजवं हलत नाही आणि इंजिन नुसतं गुरगुरत राहतं. फोर बाय फोरमध्ये पुढे एक आणि मागे एक अशी दोन डिफरन्शियल असतात. म्हणून खड्ड्याखळग्यांत पुढचं डावं आणि मागचं उजवं, अशी तिरकी दोन चाकं अधांतरी झाली, की चारही चाकांना इंजिन जोडलेलं असूनही गाडी जागची हलत नाही. प्रथम पाहणाऱ्याचा यावर विश्वास बसत नाही.

यातून सुटण्याचे दोन मार्ग. एक म्हणजे डिफ लॉक. ते दोन्ही चाकांना तात्पुरतं एकाच दांड्यासारखं बांधून टाकतं. गुरखासारख्या गाडीत पुढच्या आणि मागच्या, दोन्ही डिफरन्शियलना लॉक मिळतं. ते अडचणीच्या जागेत शिरण्याआधी लावायचं, शक्यतो सरळ जाताना वापरायचं आणि घट्ट जमीन लागताच काढायचं. दुसरा मार्ग इलेक्ट्रॉनिक आहे आणि मला तो फार चतुर वाटतो. फुकट फिरणाऱ्या चाकाचा ब्रेक संगणक आपणहून दाबतो. आता त्या चाकाला फिरायला जास्त जोर लागतो. डिफरन्शियलला तो अडथळा ब्रेकचा आहे की जमिनीचा, हे कळत नाही. ते नेहमीप्रमाणे दोघांना सारखं वाटतं, आणि पकड असलेल्या चाकाला एकदम भरपूर जोर मिळतो. ही यंत्रणा जागी व्हायला चाक थोडं फिरावं लागतं. म्हणून ॲक्सिलरेटर घाबरून सोडू नये आणि तुडवूही नये, स्थिर ठेवावा.

डाव्या-उजव्याचा हा तिढा पुढच्या-मागच्या चाकांतही असतो. मागच्या आसाचा मध्य ६ मीटर त्रिज्येच्या वळणावर चालला आहे आणि पुढच्या-मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर आहे, असं धरू. पुन्हा काटकोन त्रिकोण. ३६ अधिक सव्वासहा, वर्गमूळ नेमकं साडेसहा. पुढचा आस मोठ्या वर्तुळावर जातो आणि एका यू-वळणात मागच्यापेक्षा दीड मीटरहून जास्त चालतो. थार, जिम्नी, जुनी जिप्सी या ‘पार्ट-टाइम’ फोर बाय फोर गाड्यांत फोर-हाय, म्हणजे चारही चाकांची ओढ, लावलं, की ट्रान्सफर केस पुढचा आणि मागचा आस घट्ट जोडते. मध्ये डिफरन्शियल नसतं. चिखलात किंवा वाळूत तो दीड मीटर टायर किंचित घसरून भरून काढतात. कोरड्या डांबरावर घसरायला वाव नसतो. मग हा फरक दांड्यांमध्ये पीळ होऊन साठत जातो. स्टिअरिंग जड होतं, गाडी अडखळते, लिव्हर फोर-हायमधून निघायचं नाव घेत नाही. अशा वेळी गाडी सरळ रेषेत थोडी मागे घेतली, की पीळ सुटतो आणि लिव्हर अलगद बाहेर येतो. कोरड्या रस्त्यावर टू-हाय, म्हणजे दोनच चाकांची ओढ, हा नियम याच पिळासाठी आहे. ‘ऑल व्हील ड्राइव्ह’ गाड्यांत या दोन आसांमध्येही डिफरन्शियल किंवा क्लच असतो, त्यामुळे त्या डांबरावर बिनधास्त चालतात. आणि आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या कित्येक उंच एसयूव्ही तर निव्वळ दोन चाकांवरच्या आहेत. आपली गाडी यातली कोणती, हे मॅन्युअल उघडून एकदा पाहून घ्यावं.

अमेरिकी सैन्यासाठी १९४१पासून हजारोंनी तयार झालेली विलीज जीप याच पार्ट-टाइम पद्धतीची. स्वातंत्र्यानंतर मुंबईत महिंद्रांनी तिची जुळणी सुरू केली आणि ती आपल्या तालुक्यातालुक्यांत पोचली. तिच्यात हाय-लोचा दुसरा लिव्हरही होता. फोर-लो लावलं, की वेग घटतो आणि जोर तितक्याच पटीने वाढतो. जिम्नीत सुमारे दुप्पट, थारमध्ये अडीच पटीच्या आसपास, रँग्लर रुबिकॉनमध्ये चौपट. इंजिन तेच, पण चाक मुंगीच्या पावलाने आणि न थांबवता येणाऱ्या जोराने फिरतं.

फोर-लोचं खरं मोल मला चढापेक्षा उतारावर वाटतं. दोन टनांची गाडी ५०० मीटर खाली उतरते, तेव्हा सुमारे ९८ लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. तेवढ्यात तीस लिटर पाण्याला उकळी फुटेल. ती सगळी उष्णता ब्रेकच्या चकत्यांत ओतली, तर ब्रेक तापून ढिले पडणारच. इंजिनाने चाकांना धरून ठेवलं, तर तीच ऊर्जा इंजिनात आणि त्याच्या कुलंटमध्ये जिरते. ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, हा ट्रकवाल्यांचा नियम आहे आणि न्यूट्रलमध्ये गाडी सोडणं हे सरळ संकटाला आमंत्रण. कच्च्या, तीव्र उतारावर फोर-लोचा पहिला गिअर टाकून क्लचवरचा पाय काढून घ्यावा. मागचा भाग घसरून आडवा यायला लागला, तर ब्रेक दाबू नये, हलका ॲक्सिलरेटर द्यावा. चाकं पुन्हा जमिनीच्या गतीने फिरू लागतात आणि गाडी सरळ होते. चढताना मध्येच दम तुटला, तर वळवण्याचा प्रयत्न अजिबात नको. रिव्हर्स टाकून, स्टिअरिंग सरळ ठेवून, आलो त्याच वाटेने मागे यायचं. उतारावर आडवी झालेली उंच गाडी कुशीवर पडायला फारसा वेळ लागत नाही. जुन्या जीपमध्ये आणखी एक सवय हवी: अंगठे स्टिअरिंगच्या कड्याबाहेर ठेवण्याची. चाक दगडावर आपटलं, की कडं उलटं हिसका देतं आणि आत अडकवलेला अंगठा दुखावतो.

जमीन तर आपल्याकडे दर शंभर किलोमीटरवर बदलते. बेसॉल्टपासून झालेली देशावरची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि अतिशय चिकट होते. टायरच्या खाचा तिने भरून जातात, मग महागड्या मड टायरचंही गुळगुळीत रबर होतं. वाफसा नसलेल्या रानात शेतकरी औत घालत नाही. गाडीनेही शिरू नये. नाइलाज असेल, तर चाकं थोडी वेगात फिरवून खाचांतली माती झटकावी लागते. कोकणातला जांभ्याचा लाल चिखल त्यामानाने वरवर निसरडा असतो आणि खाली बहुधा कठीण थर लागतो.

वाळूत उलटा न्याय. तिथे टायर रुततो, कारण दाब जास्त आहे. हवा ३२वरून १६ पीएसआयवर आणली, की पहिल्या परिच्छेदातल्या भागाकारानुसार ठसा जवळपास दुप्पट होतो. तो रुंदीपेक्षा लांबीत वाढतो आणि गाडी वाळूवर तरंगल्यासारखी चालते. एवढा बदल कुठलाही लिव्हर करू शकत नाही! पण अशा टायरवर वेगात जायचं नाही, झटक्याने वळायचं नाही, नाहीतर टायर रिममधून निसटतो. आणि पक्क्या रस्त्यावर येताच हवा पुन्हा भरायची. चाक फिरतंय पण गाडी पुढे जात नाही असं दिसलं, की लगेच पाय काढावा. फिरणारं चाक स्वतःचा खड्डा खणतं आणि थोड्या वेळात आस वाळूवर टेकतो.

हे तंत्र वाळवंटासाठी किंवा ठरवून दिलेल्या ट्रॅकसाठी शिकावं. समुद्रकिनाऱ्यावर गाडी नेण्याच्या मी विरोधात आहे. गोव्यात तर त्याला बंदीच आहे. वेळास, आंजर्ल्याच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, ती वरून दिसत नाहीत. आणि भरती कुणासाठी थांबत नाही. कोकणात ओहोटीला पुळणीवर उतरलेल्या आणि संध्याकाळी पाण्यात बुडालेल्या गाड्यांचे फोटो दर सुट्टीत पाहायला मिळतात.

पाण्याविषयी थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे माणसं जीव गमावतात. वाहत्या पाण्यात जड गाडी टिकते, हा समज आर्किमिडीजने दोन हजार वर्षांपूर्वीच खोडून काढला आहे. चार मीटर लांब आणि १.७ मीटर रुंद गाडीचा तळ पाण्याला टेकला, की त्यापुढे चढलेल्या दर दहा सेंटिमीटरला पाणी तिचं ६८० किलो वजन उचलून घेतं. वीस सेंटिमीटर चढलं, की दोन टनांतले जेमतेम ६४० किलो टायरवर उरतात. आत झिरपणारं पाणी आणि चाकांच्या मोकळ्या जागा यांमुळे प्रत्यक्ष आकडा थोडा सौम्य असतो, पण दिशा तीच. ठशांवरचं वजन गेलं, म्हणजे पकड गेली. आणि त्याच वेळी प्रवाह उंच, सपाट बाजूवर ढकलत असतो. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला, तर त्याचा रेटा चौपट होतो. थारची पाण्यातून जाण्याची मर्यादा ६५० मिलिमीटर सांगितली जाते. ती संथ पाण्यासाठी आणि कठीण तळासाठी धरावी. पुलावरून पाणी वाहत असेल, तर गाडी कोणतीही असो, अलीकडेच थांबावं.

संथ ओढा ओलांडायचा असेल, तर आधी उतरून बघावं. तळ दगडांचा आहे की गाळाचा, पलीकडचा चढ कसा आहे. मग फोर-लो, एकच गिअर, एकच संथ गती. गाडीपुढे एक लाट तयार होते आणि बॉनेटखाली पाण्याची पातळी थोडी खाली राहते. ती लाट मोडू द्यायची नाही. इंजिन पाण्यात बंद पडलं, तर पुन्हा स्टार्टर मारू नये. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये शिरलेल्या पाण्यावर पिस्टन आदळला, की कनेक्टिंग रॉड वाकतो. आसांचंही असंच एक गुपित आहे. चालून तापलेला आस थंड पाण्यात बुडाला, की आतली हवा आकसते आणि सीलच्या फटींतून पाणी आत ओढते. त्यासाठी आसाला वर नेलेली श्वासनळी असते. ओढा पार केल्यावर पुढच्या सर्व्हिसिंगला डिफरन्शियलचं तेल दुधाळ झालेलं नाही ना, हे बघून घ्यावं.

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईत काही माणसं बंद गाड्यांतच गेली. दाराबाहेर अर्धा मीटर पाणी असलं, तरी एक मीटर रुंद दारावर सव्वाशे किलोच्या आसपास जोर पडतो. म्हणून पाणी चढू लागताच, वीज चालू आहे तोवर काच खाली करावी. काच फोडायची हातोडी हाताशी असावी आणि ती बाजूच्या काचेवर चालवावी. समोरची काच थराची असते, ती तडकते पण कोसळत नाही.

एवढं सगळं शिकूनही या गाडीचे बहुतेक तास डांबरावरच जातात, आणि तिथे तिची उंची तिच्या विरुद्ध जाते. दोन चाकांतलं अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट, असा एक साधा आकडा अमेरिकेची रस्ता-सुरक्षा संस्था वापरते. तो जितका लहान, तितकी गाडी उलटायला सोपी. साध्या मोटारींत तो १.३ ते १.५ येतो, एसयूव्हीत १ ते १.३. कॅरिअरवर बॅगा चढवल्या, की आणखी खाली. सपाट रस्त्यावर गाडी कलंडण्याआधी बहुधा घसरते. बहुतेक वेळा ती उलटते ती आडवी घसरताना चाक कशाला तरी अडखळल्यामुळे: दगड, दुभाजकाची कड, मऊ साईडपट्टी. म्हणून चाक साईडपट्टीवर उतरलं, तर हिसका देऊन वर घेऊ नये. स्टिअरिंग घट्ट धरून ॲक्सिलरेटर सोडावा, वेग उतरू द्यावा आणि मग हळूच डांबरावर यावं. आणि बेल्ट सगळ्यांचा, मागच्यांचाही. उलटणाऱ्या गाडीतून बाहेर फेकलं जाण्यासारखं दुसरं संकट नाही.

१९९७मध्ये स्वीडनच्या ‘टेक्निकेन्स व्हर्ल्ड’ या मासिकाने, रस्त्यात अचानक आलेल्या मूस हरणाला चुकवण्याची चाचणी घेतली आणि त्यात मर्सिडीजची नवीकोरी ए-क्लास उलटली. कंपनीने मग त्या छोट्या गाडीवर इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल सरसकट बसवलं. ही यंत्रणा स्टिअरिंग कुठे वळलंय आणि गाडी खरोखर कुठे वळतेय, हे सतत ताडून पाहते. दोन्हींत फरक पडला, की चारांपैकी नेमक्या एका चाकाचा ब्रेक दाबून गाडी ओळीवर आणते. कुठल्याही माणसाचा पाय हे करू शकणार नाही, कारण पेडल एकच आहे. मात्र कित्येक गाड्यांत फोर-लो लावताच ही यंत्रणा आपोआप बंद होते, कारण चिखलात चाकं घसरू द्यावीच लागतात. तेव्हा कच्चा रस्ता संपला, की लिव्हर टू-हायवर आणावा, ही यंत्रणा बंद असल्याचा डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा विझला का ते बघावं, टायरमधली हवा मोजावी, आणि ब्रेक ओले असतील तर हलकेच दाबून कोरडे करून मग वेग घ्यावा.